यहुदी अभ्यासाचे वावडे कशासाठी?

आपल्या वस्त्यांमध्ये 'यहुदी' हा शब्द दोनच वेळा कानावर पडतो. एकदा जुम्याच्या बयानात, आणि एकदा एखादा माणूस उधारीच्या बाबतीत फार चिवट निघाला तर त्याला हिणवताना. दोन्ही ठिकाणी तो शब्द हाडामांसाच्या माणसासाठी येत नाही, एका बुजगावण्यासाठी येतो. ते बुजगावणे कोणी, कधी आणि कशापासून बनवले, हे विचारायची आपल्याला गरज वाटत नाही. मला ती वाटते, म्हणून हा लेख. काही मंडळींना तो आवडणार नाही. आवडावा म्हणून लिहिलेलाही नाही.

निमित्त लहान आहे. माझी एक जुनी विद्यार्थिनी, सातवीपर्यंत उर्दू माध्यमातून शिकलेली, सध्या अमेरिकेत मामाकडे राहून संख्याशास्त्राची पदवी घेत आहे. पदवीच्या जोडीला तिला यहुदी अभ्यासाचे पदवीपूर्व प्रमाणपत्र घ्यायचे आहे. ही बातमी गावात आली आणि तिचे चाचा माझ्याकडे आले. म्हणाले, "आपा, ती तुमचं ऐकते. तुम्ही समजवा तिला. शिकायला काय दुसरं काही उरलं नाही? उद्या लग्नाचं बघायचं आहे. लोक विचारतील, मुलगी काय शिकली, तर काय सांगू, यहुद्यांचं सर्टिफिकेट?" शिक्षकांच्या खोलीत विषय निघाला तेव्हा सूर याहून चढा होता. एका संस्थाचालकांनी तर मला थांबवून, "या प्रकरणात तुमची भूमिका नेमकी काय?" असे विचारले. एका मुलीने पाच विषय जास्त शिकावेत की नाही, याचे 'प्रकरण' झाले होते.

माझी भूमिका अशी की तिने ते प्रमाणपत्र जरूर घ्यावे. आणि तेवढ्यावर थांबू नये, असे प्रमाणपत्र आपल्या महाराष्ट्रातही मिळाले पाहिजे आणि त्याच्या पहिल्या बाकावर उर्दू माध्यमाची मुले बसली पाहिजेत.

आधी हे प्रमाणपत्र म्हणजे काय ते पाहू, कारण विरोध करणाऱ्या एकानेही ते पाहिलेले नाही. उदाहरण म्हणून अमेरिकेतल्या मॅडिसन येथील विस्कॉन्सिन विद्यापीठ घ्या. हे सरकारी विद्यापीठ आहे, कोणत्या धर्मसंस्थेचे नव्हे. इतर विद्यापीठांत ज्याला 'मायनर' म्हणतात त्यालाच तिथे 'सर्टिफिकेट' म्हणतात. पदवी भौतिकशास्त्राची असो की वाणिज्याची, तिच्याबरोबर पाचेक विषयांएवढा अभ्यास यहुदी समाजाबद्दल करायचा: हिब्रू बायबल, मध्ययुगीन आणि आधुनिक इतिहास, हिब्रू किंवा यिडिश भाषा, साहित्य, नाझी काळातला संहार. प्रवेश घेताना धर्म विचारत नाहीत, आणि बाहेर पडताना कोणी यहुदी होऊन निघत नाही. आपल्याकडे अरबी-फारसी घेऊन बी.ए. करणारे कितीतरी हिंदू विद्यार्थी होऊन गेले. त्यांच्या घरी कोणी रडले होते का?

त्या मॅडिसनबद्दल आणखी एक सांगते. उर्दू वाचणाऱ्यांना हे गाव परके नाही. मुहम्मद उमर मेमन यांनी आयुष्यभर तिथेच उर्दू शिकवली आणि 'ॲन्युअल ऑफ उर्दू स्टडीज' हे उर्दू साहित्याचे नामांकित वार्षिक तिथूनच संपादित केले. २०१८ मध्ये ते वारले तेव्हा आपण सर्वांनी हळहळ व्यक्त केली. मंटो आणि नय्यर मसूद शिकवणाऱ्या विद्यापीठात हिब्रूही शिकवली जाते, याने मेमनसाहेबांचे काही बिघडले नाही. तिथल्या यहुदी अभ्यास केंद्राच्या नावात जॉर्ज मोसे यांचे नाव आहे. हा बर्लिनच्या एका मोठ्या यहुदी वृत्तपत्र-घराण्यातला मुलगा. १९३३ मध्ये हिटलर आला तेव्हा कुटुंबासह देश सोडून पळाला, पुढे मॅडिसनला इतिहासाचा प्राध्यापक झाला. जर्मनी एक झाल्यावर नाझींनी बळकावलेली मालमत्ता परत मिळू लागली, आणि १९९९ मध्ये मरताना त्याने आपली संपत्ती विद्यापीठाला दिली. याने जन्मभर कशाचा अभ्यास केला? एखादा सुशिक्षित, सुसंस्कृत म्हणवणारा देश आपल्याच शेजाऱ्याला परका कसा ठरवू लागतो, त्याचे व्यंगचित्र कसे काढतो, त्याच्या चालण्याबोलण्याला, नाकाडोळ्याला, खाण्यापिण्याला कसा हसतो आणि मग कायदा कसा करतो, याचा. जर्मन साम्राज्यात १८७१ पासून यहुद्यांना कायद्याने बरोबरीचे नागरिकत्व होते. १९३५ मध्ये न्युरेंबर्गच्या कायद्यांनी ते काढून घेतले. मधली चौसष्ट वर्षे त्या लोकांनी देशासाठी युद्धात पदके मिळवली, इस्पितळे काढली, जर्मन भाषेवर अतोनात प्रेम केले. भारतातल्या मुसलमान मुलीने हा इतिहास शिकू नये, असे म्हणणाऱ्यांना तिचे नेमके कोणते हित साधायचे आहे?

यहुदी अभ्यास हा विषयच मुळी दार बंद केलेल्यांनी काढलेला आहे. १८१९ मध्ये बर्लिनमध्ये काही यहुदी तरुणांनी एक मंडळ स्थापन केले. आपल्या समाजाचा इतिहास पाद्र्यांनी किंवा रब्बींनी सांगितलेला नव्हे, शास्त्रशुद्ध पद्धतीने लिहिलेला हवा, असे त्यांचे म्हणणे होते. लिओपोल्ड त्सुंझ हा त्यातला मुख्य विद्वान. दुसरा एडुआर्ड गान्स. बाप्तिस्मा घेतल्यावरच त्याला बर्लिन विद्यापीठात प्राध्यापकी मिळाली. त्सुंझने १८४८ मध्ये विद्यापीठात या विषयाचे अध्यासन मागितले, ते नाकारण्यात आले. हार्वर्डला १९२५ मध्ये आणि कोलंबियाला १९३० मध्ये अशी अध्यासने निर्माण झाली, म्हणजे शंभराहून अधिक वर्षे गेली. याच मंडळात काही काळ कवी हाइनरिख हाइने होता. त्याच्या 'अल्मान्सोर' या नाटकात एक ग्रंथ जाळला जातो. तो ग्रंथ तोराह नाही, कुराण आहे. ग्रॅनडात ख्रिस्ती राज्यकर्त्यांनी चौकात जाळलेले. एका यहुदी कवीला विसाव्या शतकाच्या कितीतरी आधी, १८२०च्या सुमारास, स्पेनच्या मुसलमानांचे दुःख आपले वाटले. १९३३ मध्ये नाझींनी बर्लिनमध्ये पुस्तके जाळली तेव्हा हाइनेचीही जाळली. हे आपल्या किती मौलानांना, किती प्राध्यापकांना ठाऊक आहे?

आता कोणी म्हणेल, मजहबच्या दृष्टीने काय? त्यांच्यासाठी हदीसच सांगते, कारण या मंडळींना इतिहास चालत नाही. हजरत जैद बिन साबित यांना रसूलुल्लाहनी यहुद्यांचे लेखन शिकायला सांगितले आणि त्यांनी ते अर्ध्या महिन्यात आत्मसात केले, अशी रिवायत आहे. शिक्षकांच्या खोलीत मी हे सांगितले तेव्हा एक जण लगेच म्हणाले, "पण ते अविश्वासापोटी होते. पत्रव्यवहारात दगा होऊ नये म्हणून." बरे, तसे समजू. मग अविश्वासावर उपाय कोणता सांगितला गेला? शिकण्याचा. न शिकण्याचा नव्हे. तुमचा अविश्वास तर चौदाशे वर्षांनंतरही शाबूत आहे, शिकणे मात्र तुम्ही सोडून दिले.

बी.एड.ला आम्हाला अध्यापनाचे एक सूत्र घोकून घेतले जाते: ज्ञाताकडून अज्ञाताकडे जावे. या सूत्राने पाहिले तर उर्दू माध्यमाच्या मुलाइतका हिब्रूच्या जवळ असलेला विद्यार्थी महाराष्ट्रात दुसरा नाही. तो उजवीकडून डावीकडे लिहितो. स्वर न लिहिता शब्द वाचायची त्याला सवय आहे. तीन अक्षरांच्या मूळ धातूपासून किताब, कातिब, मकतब, मकतूब कसे होतात, हे त्याला अरबीच्या तासाला कळलेले असते; हिब्रूतही 'कतव' म्हणजे लिहिले. बैतला तिथे बाइत म्हणतात, यौमला योम, लिसानला लाशोन, नफ्सला नेफेश, आलमला ओलाम. आणि सदक्याला त्सेदाका. मी मुद्दाम हा शब्द शेवटी घेतला, कारण यहुदी म्हणजे कंजूष असे ज्यांना वाटते त्यांनी तो एकदा मोठ्याने उच्चारून पाहावा.

पण याहून गमतीची गोष्ट अबजदची आहे. आपल्या घरात, दुकानात, रिक्षाच्या काचेवर ७८६ लिहिलेले असते. बिस्मिल्लाहच्या अक्षरांची बेरीज. ही बेरीज कशी करतात, तर अबजदने: अलिफचा १, बे चे २, जीमचे ३, दालचे ४. 'अबजद, हव्वज, हुत्ती, कलमन, सअफस, करशत' हे आपल्याकडच्या जुन्या लोकांना तोंडपाठ असे. आता कोणी सांगा, अरबी मुळाक्षरे शिकताना तर आपण अलिफ, बे, ते, से असे म्हणतो. मग मोजताना अलिफ, बे, जीम, दाल हा वेगळाच क्रम कोठून आला? हा क्रम अरबीहून जुना आहे आणि हिब्रूत तो आजही चालू आहे: आलेफ, बेत, गिमेल, दालेत. करशतपर्यंत बावीस अक्षरे होतात, हिब्रूचीही बरोबर बावीस. किंमतीही त्याच. आपल्या काफचे शंभर, त्यांच्या कोफचे शंभर. रेचे दोनशे, रेशचे दोनशे. शीनचे तीनशे, शिनचे तीनशे. तेचे चारशे, तावचे चारशे. पुढची सखज आणि जजग ही सहा अक्षरे अरबांनी आपल्या जास्तीच्या उच्चारांसाठी शेवटी जोडली. म्हणजे यहुद्यांच्या अक्षरांना हात लावायचा नाही असे म्हणणारा माणूस गाडीवर ७८६ लिहितो, तेव्हा त्यांच्याच पाढ्याने हिशेब करतो. मी हे फळ्यावर लिहून दाखवले तेव्हा सातवीतल्या मुलांना जेवढा आनंद झाला, तेवढीच शिक्षकांच्या खोलीत शांतता पसरली.

देवाणघेवाण एकतर्फी नाही. हिब्रूचे व्याकरण पहिल्यांदा नीट बांधले गेले ते मुसलमानी स्पेनमध्ये, अरबी व्याकरणाच्या नमुन्यावर. यहुद्यांचा सर्वांत मोठा धर्मपंडित मूसा बिन मैमून, ज्याला पाश्चात्त्य जग मायमॉनिडीज म्हणते, त्याने 'दलालतुल हायरीन' हा आपला तत्त्वज्ञानाचा ग्रंथ अरबीत लिहिला, हिब्रू अक्षरांत. कैरोजवळच्या फुस्तातमध्ये तो राहत असे आणि सुलतान सलाहुद्दीनच्या दरबारी वैद्यकी करत असे. त्याच फुस्तातच्या बेन एझ्रा सिनेगॉगच्या एका खोलीत शतकानुशतके टाकून दिलेले कागद साठले होते. खुदाचे नाव असलेला कागद फेकायचा नाही म्हणून. आपणही तसेच करतो, फाटलेले पान कोनाड्यात जपून ठेवतो. १८९६-९७ मध्ये सोलोमन शेख्टर यांनी ते कागद केंब्रिजला नेले. एकट्या त्या संग्रहात एक लाख नव्वद हजारांहून अधिक तुकडे आहेत. त्यातल्या मोठ्या भागाची भाषा अरबी, लिपी हिब्रू. बाराव्या शतकात मंगळूरला येऊन राहिलेल्या अब्राहम बेन यिजू या व्यापाऱ्याची पत्रेही त्यात निघाली. अमिताव घोष यांनी १९९२ मध्ये त्यावर पुस्तक लिहिले. ही पत्रे वाचायला अरबी येणारा आणि हिब्रू अक्षरे ओळखणारा माणूस लागतो. आपल्या मदरशांतून दरवर्षी अरबी शिकून बाहेर पडणाऱ्या मुलांपैकी एकालाही हा रस्ता कोणी दाखवत नाही. उर्दूचेही तसेच. अमानतची 'इंदरसभा' हिब्रू अक्षरांत उतरवलेली हस्तलिखित प्रत लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहे. बगदादहून हिंदुस्थानात आलेल्या यहुद्यांना लखनौचे नाटक इतके आवडले की त्यांनी ते आपल्या लिपीत लिहून घेतले. उर्दूचा इतिहास शिकवणाऱ्यांनी ही प्रत वाचायची नाही का?

कोकणापुरते बोलायचे तर मग लाजच वाटते. शिकायला अमेरिकेला जावे लागावे, असे हे काही दूरचे लोक नाहीत. बेने इस्रायल आमच्याच अष्टागरातले. किहिमचे किहिमकर, राजपुरीचे राजपूरकर, दिव्याचे दिवेकर, अष्टमीचे अष्टमकर. कोकणी मुसलमानांची आडनावेही अशीच गावांवरून पडलेली. तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी बंद ठेवायचे म्हणून गावाने त्यांना 'शनिवार तेली' म्हटले. आपले पूर्वज नवगावच्या किनाऱ्याशी गलबत फुटून वाचले, सात पुरुष आणि सात बायका, असे ते सांगतात. मराठी ही त्यांची मायबोली. स्वतःला त्यांनी यहुदी म्हणवून न घेता बेने इस्रायल म्हणवून घेतले. कुराणात बनी इस्राईल हे नाव वारंवार येते, त्यामुळे मुसलमान शेजाऱ्यांत ते आपुलकीचे ठरले, असे अभ्यासक म्हणतात. सॅम्युएल दिवेकर यांनी १७९६ मध्ये मुंबईत मांडवीला पहिले सिनेगॉग बांधले. त्याला ही मंडळी काय म्हणत? मशीद. 'जुनी मशीद'. मस्जिद बंदर स्टेशनचे नाव आपल्या या मशिदीवरून पडले असे ते सांगत आले आहेत. त्याबद्दल वाद आहे, तो असू द्या. आपल्या प्रार्थनास्थळाला ते मशीद म्हणत, यात वाद नाही. नवस फेडताना ते मलिदा करतात, पोहे, नारळ, साखर, सुकामेवा आणि फळे, एलियाहू हन्नाबीच्या नावाने. हे एलियाहू म्हणजे आपले हजरत इलियास. मलिदा हा शब्द आणि तो पदार्थ आपल्या नियाजेतही आहे. दोन्ही ताटे शेजारी ठेवून कोणी एक साधा प्रबंध लिहावा, इतकी ही सोपी गोष्ट. जंजिऱ्याच्या सिद्दी नवाबांकडे शालोम बापूजी इस्राएल हे दिवाण होते. नवाब मुसलमान, दिवाण यहुदी, दफ्तर मराठी. आज ही गोष्ट सांगितली तर दोन्हीकडच्या पुढाऱ्यांना ती अडचणीची वाटेल.

आणि मराठीचे म्हणाल तर जॉन विल्सन या स्कॉटिश पाद्र्याने १८३२ मध्ये हिब्रूचे व्याकरण मराठीत छापले. हेतू अर्थात धर्मप्रसाराचा होता. तो साधला नाही, व्याकरण राहिले. वल्हांडणाच्या रात्री वाचायची 'हगादा' १८४६ मध्ये मुंबईत आणि १८७४ मध्ये पुण्यात मराठी भाषांतरासह छापली गेली. पुण्याच्या प्रतीतल्या चित्रात सण साजरा करणाऱ्या बायका लुगडी नेसलेल्या आहेत. मुंबई विद्यापीठाने जुन्या काळी संस्कृत, अरबी, फारसीच्या पंक्तीला हिब्रू ठेवली होती आणि जोसेफ इझिकेल राजपूरकर तिचे परीक्षक होते. हाईम सॅम्युएल किहिमकर यांनी १८७५ मध्ये मुंबईत शाळा काढली आणि १८९७ मध्ये आपल्या समाजाचा इतिहास लिहिला. तो छापला गेला १९३७ मध्ये, तोही तेल अवीवला. इथे कोणाला छापावासा वाटला नाही. २०११च्या जनगणनेत देशात यहुदी उरले सुमारे साडेचार हजार, निम्म्याहून अधिक महाराष्ट्रात. २०१६ मध्ये राज्य सरकारने त्यांना अल्पसंख्याकाचा दर्जा दिला. भायखळ्याची सर जेकब ससून शाळा यहुद्यांची, विद्यार्थी जवळपास सगळे मुसलमान. कोलकात्याच्या ज्यूइश गर्ल्स स्कूलचेही तसेच, आणि तिथल्या सिनेगॉगची राखण करणारे पिढ्यान्‌पिढ्या मुसलमानच. त्यांच्या शाळेत आपण शिकू, त्यांच्या फळ्यांची धूळ पुसू. पण त्यांच्याबद्दल शिकायचे म्हटले की ईमान धोक्यात!

आता पॅलेस्टाईन. हा प्रश्न टाळला तर मी अप्रामाणिक ठरेन. ऑक्टोबर २०२३ नंतर गाझात जे झाले, हजारोंच्या संख्येने जी मुले मेली, ते पाहून ज्याचे काळीज हलले नाही त्याच्याशी मला बोलायचेच नाही. चाचांच्या रागामागे हे दुःख आहे, आणि ते खरे आहे. पण दुःख खरे असले म्हणून त्यातून काढलेला निष्कर्ष खरा ठरत नाही. इस्रायलचे सरकार वेगळे आणि तीन हजार वर्षांचा यहुदी इतिहास वेगळा. प्रत्येक मुसलमानाला एखाद्या बॉम्बस्फोटाचा जाब विचारला की आपल्याला कसे वाटते? मग प्रत्येक यहुद्याला नेतन्याहूचा जाब विचारताना तीच जीभ आपल्या तोंडात कोठून येते?

एक उदाहरण देते. दहावीच्या मुलांकडून आम्ही १९१९च्या माँटेग्यू-चेम्सफर्ड सुधारणा पाठ करून घेतो. हे एडविन माँटेग्यू यहुदी होते, हे कोणत्या वर्गात सांगितले जाते? १९१७ मध्ये बाल्फोर जाहीरनाम्याला ब्रिटिश मंत्रिमंडळात सर्वांत कडवा विरोध ज्याने केला तो हाच माणूस, भारतमंत्री. त्याने आपल्याच सरकारवर यहुदीद्वेषाचा आरोप ठेवून टिपण लिहिले. त्याआधी १८९१ मध्ये अहाद हाआम या यहुदी लेखकाने पॅलेस्टाईनला जाऊन येऊन बजावले होते की तिथे अरब राहतात आणि आपले लोक त्यांच्याशी वाईट वागत आहेत. १९२५ मध्ये जेरुसलेममध्ये 'ब्रित शालोम' हे मंडळ दोन्ही समाजांचे एकच राज्य मागत होते. आणि खुद्द आमच्या बेने इस्रायलांना इस्रायलमध्ये 'तुम्ही खरे यहुदी का?' असे रब्बींनी विचारले. त्यांनी आंदोलन केले, तेव्हा १९६४ मध्ये तिथल्या संसदेला ठराव करावा लागला की ते इतरांच्या बरोबरीचे आहेत. हे सगळे यहुदी अभ्यासाच्या वर्गात शिकवतात. पॅलेस्टाईनच्या बाजूने बोलणाऱ्याला याहून कामाचा मालमसाला कोठे मिळेल? आपण मात्र घोषणा पाठ करतो, पुरावे दुसऱ्यांच्या कपाटात.

ते वर्ग सोवळे आहेत असा माझा दावा नाही. देणगीदार तिथेही डोळे वटारतात. एका प्राध्यापिकेने इस्रायलवर टीका केलेल्या पत्रावर सही केली म्हणून देणगीदार नाराज झाला, आणि सिअॅटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठाने २०२२ मध्ये पन्नास लाख डॉलर परत केले. पण अशा ठिकाणी आपली मुलगी बसलेली असणे चांगले की नसणे?

आणि आपण काय वाचतो? 'प्रोटोकॉल्स' नावाचे एक चोपडे उर्दूत भाषांतरित होऊन फिरत असते, यहुदी बुजुर्गांनी जग ताब्यात घेण्याचा कट कसा केला त्याचे. हे रशियात रचलेले बनावट प्रकरण आहे. लंडनच्या 'टाइम्स'ने १९२१ मध्येच उघडकीस आणले की मोरिस जोली याने १८६४ मध्ये नेपोलियन तिसऱ्याविरुद्ध लिहिलेल्या फ्रेंच उपहासाची पानेच्या पाने त्यात चोरली आहेत. शंभर वर्षे उलटून गेली, आपल्याकडे ते अजून पुरावा म्हणून दाखवतात. तोच साचा आता आपल्यावर फिरतो आहे. यांची लोकसंख्या वाढवून देश काबीज करण्याची योजना आहे, यांचे व्यापार, यांची लग्ने, यांची फळविक्रीसुद्धा कटाचा भाग आहे. मोबाइलवर येणारे हे संदेश वाचले की मला त्या चोपड्याचीच पाने आठवतात, फक्त नाव बदललेले. ज्या हत्याराने आपल्याला मारतात तेच आपण दुसऱ्यावर उचलतो, आणि वर त्याला दीनी जोश म्हणतो.

दुसरीकडच्या टाळ्याही मला नकोत. या मुलीचे ऐकून काही बिगरमुस्लिम परिचित फार खूश झाले. "शिकू दे, इस्रायल कसा धडा शिकवतो ते कळू दे," असे एक गृहस्थ म्हणाले. यांना ना किहिमकर माहीत, ना मूसा बिन मैमून; यांचे यहुदीप्रेम मुसलमानद्वेषाच्या कर्जावर चालते. आणि ज्या संयुक्त अरब अमिरातीतून आमच्या गावात पैसा येतो, तिने २०२० मध्ये इस्रायलशी करार केला. २०२३ मध्ये अबुधाबीत मशीद, चर्च आणि सिनेगॉग एकाच आवारात उघडले. त्या कराराची मी तरफदारी करत नाही. पण तिथल्या पगाराला कोणी हात लावायचा नाही असे म्हटले नाही, मुलीच्या पुस्तकांना मात्र म्हटले.

इग्नाझ गोल्डझिहर नावाचा हंगेरीचा यहुदी १८७३-७४ मध्ये कैरोला गेला आणि अल-अजहरमध्ये मुसलमान विद्यार्थ्यांबरोबर बसून शिकला. युरोपात इस्लामच्या अभ्यासाचा पाया घालणाऱ्यांत त्याचे नाव पहिले घेतात. अल-अजहरच्या शेखांनी त्याला बसू दिले. उलट दिशेने जाणारे आपल्यात अगदीच नाहीत असे नाही. कोलकात्याच्या प्रेसिडेन्सी विद्यापीठात नवरस जाट आफ्रिदी भारतातल्या यहुद्यांवर आणि मुस्लिम-यहुदी संबंधांवर काम करत आहेत. दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठात अरबीच्या केंद्रातच हिब्रू शिकवतात. म्हणजे वाट आहे, तिच्यावर महाराष्ट्रातून चालणारे हवेत.

१९९० मध्ये सोलापूरला पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले तेव्हापासून आपण सांगत आलो आहोत की मराठी कोणा एका धर्माची नाही. हे वाक्य फक्त आपल्यापुरते वापरायचे असेल तर गोष्ट वेगळी. नसेल, तर आपल्या विद्यापीठांकडे आपणच मागणी केली पाहिजे की बेने इस्रायलांचे मराठी वाङ्मय, प्राथमिक हिब्रू आणि हिब्रू अक्षरांतली अरबी असे एक प्रमाणपत्र अरबी आणि मराठी विभागांनी मिळून चालवावे. यहुदी संख्येने थोडे उरले, त्यांच्याकडून ही मागणी जोराने होणार नाही. आपण केली तर तिच्यामागे लाखो माणसे उभी राहतील. १८७४च्या पुण्याच्या हगादेचे पान मॅडिसनच्या विद्यार्थ्यापुढे ठेवले तर हिब्रूचा स्तंभ त्याला वाचता येईल, शेजारच्या मराठीसाठी त्याला काही वर्षे घालवावी लागतील. आमच्या मुलांना मराठी येते, उजवीकडून वाचता येते, करशतपर्यंतची अबजद दोन तासांत पाठ होते. हजरत जैद यांना अर्धा महिना लागला होता. आमच्या मुलांना एक सत्र द्या, आणि वर्ग जूनपासून सुरू करा.